बँकांची कार्यक्षमता मोजण्याच्या पद्धती आणि कोल्हापुरातील पीककर्ज : एक चिकित्सा

बँकांच्या कार्यक्षमतेच्या अभ्यासात गुणोत्तर विश्लेषण ही सर्वाधिक रूढ पद्धत होय. कर्ज-ठेव प्रमाण, अनुत्पादक कर्जांचे प्रमाण, प्रति सेवक व्यवसाय हे आकडे अहवालांतून घेऊन तक्त्यांत मांडले जातात. तथापि एक गुणोत्तर सुधारत असताना दुसरे खालावले, तर बँकेला कार्यक्षम म्हणावे की नाही, हे तक्ता सांगत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी 1978 मध्ये मांडलेले ‘डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस’ हे तंत्र वापरले जाते. त्यात अनेक आदाने व प्रदाने एकत्रित घेऊन प्रत्येक बँकेची नमुन्यातील सर्वोत्तम बँकांशी तुलना होते व कमाल 1 इतका गुणांक मिळतो. मात्र प्रत्येक बँकेला स्वतःस सर्वाधिक अनुकूल असे भार मिळत असल्याने, महाराष्ट्रातील 31 जिल्हा मध्यवर्ती बँकांच्या लहान नमुन्यात सात-आठ चले घेतल्यास बऱ्याच बँका 1 गुणांकावर पोहोचण्याचा संभव असतो. अशा निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही.

याहून गंभीर प्रश्न गुणांक नेमका कोणाचा, हा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात उसावरील पीककर्ज विकास सेवा संस्थांमार्फत दिले जाते व त्याची वसुली प्रामुख्याने साखर कारखान्याकडून मिळणाऱ्या ऊसबिलातून होते. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार बिल 14 दिवसांत देणे बंधनकारक आहे. ते लांबले, तर थकबाकी बँकेच्या ताळेबंदात दिसते. तिचे मूळ मात्र कारखान्यात असते. उपरोक्त तंत्र ही थकबाकी बँकेचीच अकार्यक्षमता मानते. वसुली वेळेवर झाली, तर तिचे श्रेयही अर्थातच बँकेलाच मिळते. याकडे सहसा कोणी लक्ष वेधत नाही.

नोटाबंदीच्या काळातही हेच दिसते. 14 नोव्हेंबर 2016 रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. तत्पूर्वी स्वीकारलेल्या नोटा जमा करण्याची मुभा जून 2017 मध्ये मिळाली. तोवर ती रक्कम निष्क्रिय पडून राहिली व ठेवींवरील व्याजाचा भार चालूच राहिला. जिल्हा बँकांची आपापसांत तुलना केल्यास हा धक्का सर्वांनाच बसलेला असतो. त्यांना व्यापारी बँकांसोबत एकाच नमुन्यात बसवल्यास मात्र धोरणाचा परिणाम व्यवस्थापनाचा दोष ठरतो.

‘स्टोकॅस्टिक फ्रंटियर’ पद्धत यादृच्छिक त्रुटी वेगळी करते; परंतु ऊसबिलाचा विलंब हा यादृच्छिक नसतो. तो हंगामागणिक, कारखान्यागणिक बदलतो. म्हणून ऊसबिल अदायगीचा कालावधी हे बाह्य चल म्हणून प्रतिमानात घेणे आवश्यक आहे.