पहिल्या खर्ड्याचे पुनर्वाचन : ‘पर्स्वेशन’मधील टाकून दिलेले प्रकरण

कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यावरून लेखक पुन्हा हात फिरवितो, तेव्हा तो नेमके काय करतो? भाषा घासूनपुसून स्वच्छ करतो, पाल्हाळ छाटतो, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते चूक नसले तरी अपुरे आहे. खरे पुनर्वाचन शब्दांपाशी थांबत नाही. कथेतील निर्णायक गोष्ट कोणामुळे घडते, हा प्रश्न ते विचारते. जेन ऑस्टेनच्या ‘पर्स्वेशन’ या कादंबरीच्या शेवटावरून हे विधान पडताळून पाहता येते.

या कादंबरीचा पहिला शेवट १८ जुलै १८१६ रोजी लिहून पुरा झाला. तो तिला निर्जीव वाटला व ती खिन्न झाली, असे तिच्या पुतण्याने १८७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात नमूद आहे. दहावे प्रकरण काढून तिने त्याच्या जागी दोन नवी प्रकरणे लिहिली आणि ६ ऑगस्ट रोजी, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, काम संपविले. टाकून दिलेली पाने सुदैवाने टिकली. तिच्या सहा प्रसिद्ध कादंबऱ्यांपैकी ज्याचे हस्तलिखित उपलब्ध आहे, असा हा एकमेव भाग होय.

दोन्ही पाठांतील घटनेचे फलित एकच आहे. आठ वर्षांपूर्वी लेडी रसेलच्या सल्ल्यावरून अ‍ॅन एलियटने कॅप्टन वेंटवर्थशी ठरलेला विवाह मोडला. आता त्या दोघांचे पुनर्मीलन व्हावयाचे आहे. पहिल्या खर्ड्यात अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट अ‍ॅनला रस्त्यात गाठून आपल्या घरी नेतो. तिचा विवाह मिस्टर एलियटशी ठरला असेल, तर केलिंचचे घर आपण सोडावे काय, हे तिला विचारण्याचे काम तो वेंटवर्थवर सोपवितो. वेंटवर्थ अडखळत निरोप सांगतो, अ‍ॅन ती वार्ता नाकारते, आणि पुढचे सारे दृष्टिभेटीत उरकते.

या प्रसंगात भाषेचा दोष फारसा नाही. दोष आहे तो रचनेचा. इतरांनी मन वळविल्यामुळे जिचे आयुष्य विस्कटले, तिचे सुख येथे पुन्हा एका मध्यस्थाच्या निरोपावर अवलंबून राहते. तिच्या वाट्याला केवळ नकारार्थी उत्तर येते. कादंबरीभर ज्या वृत्तीची चिकित्सा चालली, तिलाच शेवटी शरण जावे, असा हा अंतर्विरोध आहे.

नव्या पाठात स्थळ आहे बाथमधील ‘व्हाइट हार्ट’ हे उतारगृह. वेंटवर्थ पत्र लिहीत बसला आहे; थोड्या अंतरावर अ‍ॅन कॅप्टन हार्व्हिलशी स्त्रीपुरुषांच्या निष्ठेविषयी बोलते आहे. विषय सामान्य आणि संबोधित व्यक्ती हार्व्हिल. परंतु अर्थ जाऊन पोचतो तो तिसऱ्याच श्रोत्यापर्यंत. शब्दांतून दुसरा अर्थ का प्रतीत होतो, याची कारणे सांगताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात वक्ता व बोद्धव्य यांच्याबरोबर ‘अन्यसंनिधी’चीही गणना केली आहे. येथील सामर्थ्य त्याच जातीचे आहे. मात्र हे ‘लेकी बोले सुने लागे’ नव्हे. त्या म्हणीत बोलणारीचा हेतू निश्चित असतो. अ‍ॅनला तो ऐकत असावा अशी पुसट शंका येते, तरी शब्द त्याच्या कानी पडले असतील असे वाटत नाही. म्हणूनच तिचे बोलणे डावपेच ठरत नाही, आणि तरीही परिणाम तिच्याच बोलण्याचा असतो. उत्तरादाखल वेंटवर्थला पत्र लिहावे लागते.

योगायोग नव्या पाठातही आहे, असा आक्षेप घेता येईल. तो मान्य करूनही भेद उरतोच : पहिल्या पाठात योगायोग उत्तर मिळवून देतो, दुसऱ्यात केवळ ऐकण्याची संधी. तसेच, पुनर्लेखनात काहीच हरवले नाही असेही नाही. अ‍ॅडमिरलच्या भाबड्या लुडबुडीतील विनोद आणि त्या निःशब्द दृष्टिभेटीतील उत्कटता यांना तिने मुकणे पत्करले. चांगले ते टाकण्याचे धैर्य हाही पुनर्वाचनाचाच भाग होय.

अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निष्पन्न होते. पाठचिकित्सा म्हटले की आपल्यापुढे ज्ञानेश्वरीच्या पोथ्या किंवा भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती उभी राहते. तेथे अनेक पाठांतून मूळाकडे जावयाचे असते. कादंबरीच्या खर्ड्याचा अभ्यास उलट दिशेने चालतो : मूळ हाती असते, आणि लेखकाला ते का पुरले नाही हे शोधावयाचे असते. खोडलेल्या शब्दांची यादी करून हा शोध संपत नाही. ऑस्टेनने त्याच प्रकरणात दुरुस्त्या केल्या होत्या. हस्तलिखितावर त्यांच्या खुणा आहेत. त्या पुरेशा नाहीत हे तिला उमगले, तेव्हाच खऱ्या अर्थाने तिचे पुनर्वाचन झाले.