परिशिष्ट दोन आणि ‘बलुतं’

आपण दलित समीक्षक झोपडपट्टीला ‘अनुभवविश्व’ म्हणतो आणि पुढे सरकतो. वेदना, विद्रोह, नकार हे शब्द आता इतके सवयीचे झाले आहेत, की घर कोण देतो आणि कोण नाकारतो, हा समीक्षेचाही प्रश्न आहे याचे भान उरत नाही. मीही वर्गात दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वर्षानुवर्षे असेच शिकवले.

त्यातला कावाखाना आठवा. एकेका खोलीत दोन-तीन पोटभाडेकरू, मध्ये जुन्या खोक्यांच्या फळ्यांची आड. कावाखाना ही कायद्याच्या भाषेतली झोपडपट्टी नव्हे, हे मला कळते. पण असे संसार आज झोपडपट्टी पुनर्वसनाच्या यादीत घालून पाहा. या यादीला ‘परिशिष्ट दोन’ म्हणतात. एका झोपडीला एक घर. पोटमाळ्यावरचा अपात्र, पोटभाडेकरूला हिशेबातच जागा नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने घरची यादी आणून दाखवली. आजी पात्र, माळ्यावर संसार थाटलेल्या काकाचे नावच नव्हते. त्या दिवसापासून मला ‘बलुतं’मधल्या फळ्या निराळ्या दिसू लागल्या. त्या दारिद्र्याचे वर्णन तर आहेतच. पण एका खोलीत किती घरे असतात याची ती साक्षही आहे. शासनाला ही साक्ष मान्य नाही.

१९९५ साली सेना-भाजप युतीने मुंबईतल्या ४० लाख झोपडीवासीयांना फुकट घराचे आश्वासन दिले आणि पुनर्वसन प्राधिकरण उभे केले. ‘फुकट’ हा शब्द मला खटकतो. बिल्डर बांधणार, वाढीव चटईक्षेत्र मोकळ्या बाजारात विकणार आणि गरिबाला उंच, दाटीच्या इमारतीत एक खोली मिळणार. २२५ चौरस फुटांची ही खोली पुढे २६९ आणि मग ३०० झाली. पात्रतेची तारीख १ जानेवारी १९९५ होती, ती २००० झाली. २०११ पर्यंतच्यांना घर मिळेल, पण पैसे मोजून. माणूस बेघर आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. विचारतात ती तारीख.

हे ठरवतो कोण? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय बाराव्या अनुसूचीत घातले, म्हणजे ते नगरपालिकांकडे जावेत अशी अपेक्षा. मुंबईत मात्र प्राधिकरण राज्याचे आणि अध्यक्ष मुख्यमंत्री. पालिकेकडे उरली ती मुख्यतः स्वतःच्या जमिनीवरच्या पात्र-अपात्रांची छाननी. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार हाकला. वस्तीने आपल्या नगरसेवकाला जाब विचारायचा म्हटले तरी नगरसेवकच नव्हता.

म्हणून ‘अधिकार स्थानिक संस्थांना द्या’ अशी घोषणा आपले कार्यकर्ते करतात. इथे मी थबकतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला राज्यव्यवस्थेचा पाया मानायला नकार दिला, तो उगाच नव्हे. गावात घरकुल मंजूर व्हायचे तर जागा हवी, आणि जागेसाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. गायरानावरच्या वस्तीची नोंदच नसेल तर उतारा कुठून येणार? आणि नोंद करणारा हात कोणाचा असतो, ते आपल्याला ठाऊक आहे. दूरचे सरकार आपल्याला बिल्डरच्या हाती देते, जवळचे वेशीबाहेर ठेवते.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा मी या पेचातून पुन्हा वाचली. नायकापाशी रेल्वेची नोकरी आहे. खोली मात्र जात लपवल्याशिवाय मिळत नाही. त्याला घर नाकारणारा कायदा नव्हता, शेजार होता. आपली समीक्षा या कथेत अस्मितेचा स्फोट पाहते. तो आहेच. पण महापालिकेला अधिकार मिळाल्यावर उद्या वस्तीची सभा यादी करू लागली, तर त्या सभेत बसणार तो हाच शेजार. त्या सभेत आपली माणसे किती, याचा हिशेब मागितल्याशिवाय मी ती घोषणा द्यायला तयार नाही.