एसीएटी एंझाइम : एका अनुमानाची चिकित्सा

कोशिकेतील अतिरिक्त मुक्त कोलेस्टेरॉलला वसाम्लाची जोड देऊन त्याचे एस्टर बनविणे, हे ॲसिल-कोएंझाइम-ए कोलेस्टेरॉल ॲसिलट्रान्सफरेज (एसीएटी) या एंझाइमाचे कार्य होय. महाभक्षी कोशिकांत हे एस्टर थेंबरूपाने साचले की त्या फेसाळ दिसू लागतात. रोहिणी विलेपी विकाराचे हे आरंभीचे लक्षण. यावरून एंझाइमाचा रोध केल्यास विकारास आळा बसेल, असे अनुमान काढण्यात आले.

अनुमान सुटसुटीत होते, परंतु एकांगी. साठा हे विकाराचे लक्षण असले, तरी तेच कोशिकेचे संरक्षणही असू शकते. मुक्त कोलेस्टेरॉलचा अतिरेक कोशिकेच्या पटलांना घातक ठरतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात महाभक्षी कोशिकांत एसीएटी-१ नसलेल्या, विकारप्रवण उंदरांमध्ये विकार उलट बळावलेला आढळला. हा इशारा पुरेसा मानला गेला नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ४०८ रुग्णांवरील चाचणीत पॅक्टिमाइब हे रोधक अठरा महिने देऊनही लाभ झाला नाही; काही दुय्यम मापने तर प्रतिकूल निघाली.

आतडे व यकृत यांतील एसीएटी-२ चा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. मात्र लक्षण पुसले म्हणजे कारण नाहीसे झाले, ही समजूत या प्रकरणाने निश्चितच खोटी ठरविली आहे.