आरियनच्या ‘इंडिका’ ग्रंथांतील ‘किथोन’ : अंगरखा कीं धोतर ?

शिकंदराचा नौसेनापति निआर्कस याच्या आधारें आरियन यानें इ. स. च्या दुसऱ्या शतकांत ‘इंडिका’ हा ग्रंथ रचिला. त्याच्या सोळाव्या प्रकरणांत हिंदी लोकांचा वेष वर्णिला आहे. झाडांपासून होणाऱ्या तंतूंचें, म्हणजे कापसाचें, ‘किथोन’ गुडघा व घोटा यांच्या मध्यापर्यंत येतें. शिवाय खांद्यांभोंवतीं व डोक्याभोंवतीं वस्त्र असतें, असें तेथें म्हटलें आहे. ‘किथोन’ हें ‘खितोन’ या शब्दाचें आयोनियन बोलींतील रूप होय. इंग्रजी कोशांवरून त्यास ‘अंगरखा’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, आणि तेवढ्यावरून ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत येथें शिवलेला अंगरखा रूढ होता असें अनुमान करण्याचा मोह होतो. तें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

ग्रीकांचें नेहमींचें खितोन म्हणजे क्षौमाचें किंवा लोंकरीचें चौकोनी वस्त्र. तें अंगाभोंवतीं घेऊन खांद्यांवर अडकवीत व कमरेस बांधीत. कडा कधीं शिवीत, पण वेगळ्या बाह्या लावीत नसत. बाह्यांचें वस्त्र असल्यास ग्रीक लेखक तसें सांगतात : हिरोडोटसनें सातव्या ग्रंथांत इराणी सैनिकांच्या किथोनास ‘बाह्यांचें’ असें विशेषण दिलें आहे. आरियनच्या हिंदी किथोनास तें नाहीं.

मॅक्रिंडल यानें इ. स. १८७७ च्या भाषांतरांत ‘आंतील वस्त्र’ असा सावध अर्थ केला, तो योग्यच. मात्र एकच उपवस्त्र कांहींसें खांद्यांवर व कांहींसें डोक्यास, असें तो पुढें लिहितो. मूळ वाक्य ‘एक खांद्यांवर, दुसरें डोक्यास’ असेंही लागतें, व आम्ही तोच अर्थ घेतों. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनीं भागावरील दंपती निआर्कसनंतरच्या खऱ्या, तथापि तेथील पुरुषांचें अंग उघडें असून कमरेस धोतर व डोक्यास स्वतंत्र पागोटें आहे.

खितोन खांद्यांवरून लोंबतें, धोतर कमरेस असतें, हा आक्षेप रास्त आहे. परंतु परक्या वस्त्रास परकीय प्रवासी आपल्याच भाषेंतील जवळचें नांव देतो. अमरकोशांतील ‘अंतरीय’ व ‘उत्तरीय’ हा भेद ध्यानांत घेतल्यास त्याचा आशय उमगतो. बारामती-इंदापूरच्या माळावर मेंढरें राखणारा वृद्ध धनगर पाहावा : पोटरीपर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, डोक्यास मुंडासें. त्याच्या अंगांतील शिवलेली बंडी वगळली, तर आरियनचें वर्णन जसेंच्या तसें लागू पडतें.

खितोन शब्दाचें मूळ सेमिटिक भाषांत आहे. नादसाम्यावरून ‘कटि’ किंवा ‘कुडतें’ यांशीं त्याचा संबंध जोडणें व्यर्थ होय. आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंति कीं, जुन्या मोडी याद्यांत ‘आंगी’, ‘जामा’, ‘पासोडी’ हे शब्द आढळल्यास लिप्यंतरांत मूळ शब्दच ठेवावा व आपला अर्थ निराळा नोंदवावा. मूळ शब्द राहिला तर चुकलेला अर्थ पुढें कोणी तरी सुधारील. तोच गेला तर सुधारावयास कांहीं उरत नाहीं.