वकिली आणि साक्ष : अलीकडच्या ख्रिस्ती साहित्याविषयी

ख्रिस्ती वाचकाच्या घरातील फडताळात उपदेशपर ग्रंथांचा भरणा नेहमीच अधिक असतो, आणि त्यात वावगे असे काही नाही. प्रार्थनापुस्तक, गीतसंग्रह, शास्त्रावरील टीका, एखाद्या सत्पुरुषाचे चरित्र यांवाचून कोणत्याही मंडळीचा संसार चालत नाही. परंतु निव्वळ साहित्य म्हणून जी भिन्नधर्मीय किंवा अश्रद्ध वाचकापुढेही निःसंकोच ठेवावीत, अशी पुस्तके या भरण्यातून वेचावयास बसले म्हणजे हात आखडतो. याचे कारण माझ्या मते असे, की धर्मविषयक लेखन करणारा बहुधा वकिलाच्या भूमिकेवरून बोलतो : श्रद्धेची बाजू मांडावयाची, प्रतिपक्षाची फिर्याद खोडून काढावयाची आणि निकाल आपल्याकडे ओढून घ्यावयाचा. आमच्या उपासनेत उभे राहून एखादी म्हातारी जी साक्ष देते तिची जात अगदी निराळी आहे. ती पाहिले-भोगले तेवढेच सांगते, स्वतःला अडचणीचा तपशीलही गाळीत नाही आणि निवाडा ऐकणाऱ्यांवर सोपवून खाली बसते. गेल्या वीस-बावीस वर्षांत पाश्चात्त्य भाषांत जे ख्रिस्ती साहित्य निर्माण झाले, त्यातील उत्तम भाग या साक्षीच्या जातीचा आहे, आणि तो कादंबरी, काव्य, चिंतन, इतिहास अशा परस्परांहून दूरच्या प्रांतांत विखुरलेला आहे, ही मला मोठ्या आनंदाची गोष्ट वाटते.

अग्रपूजेचा मान द्यावयाचा तो मेरिलिन रॉबिन्सन या अमेरिकन लेखिकेच्या 'गिलियड' (२००४) या कादंबरीला. आयोवा राज्यातील गिलियड नावाच्या आडगावी, १९५६ साली, जॉन एम्स हा शहात्तर वर्षांचा पाळक, हृदयविकारामुळे आपले दिवस भरत आले आहेत हे ओळखून, उतारवयात झालेल्या आपल्या लहानग्या मुलाला पत्र लिहीत आहे. मूल मोठे होऊन ते वाचील तेव्हा लिहिणारा हयात नसेल. त्याच्या माळ्यावर आयुष्यभराच्या प्रवचनांचे दप्तर पेट्यांतून भरून ठेवलेले आहे. वर्षाला पन्नास याप्रमाणे पंचेचाळीस वर्षांची २,२५० प्रवचने आणि त्यांची ६७,५०० पृष्ठे, असा हिशेब तो स्वतःच मांडतो. परंतु वाचकाच्या मनावर कायमची कोरली जाते ती या दप्तराबाहेरची त्याच्या बालपणीची एक आठवण : वीज पडून जळालेल्या एका बाप्तिस्त मंदिराचे अवशेष गावकरी भर पावसात उपसत आहेत, जळकी पवित्र शास्त्रे व गीतपुस्तके जमिनीत पुरली जात आहेत, बायका गीते गात आहेत, आणि बाप काजळी माखलेल्या हातांनी पावाचा एक तुकडा पोराच्या हाती देतो. तो तुकडा प्रभुभोजनाचा होता असे म्हाताऱ्या एम्सला आयुष्यभर वाटत आले आहे. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे प्रभुभोजनाच्या संस्काराचे माहात्म्य पानभर वर्णिले असते. रॉबिन्सनबाई पाव, राख आणि पाऊस एवढ्यावरच थांबतात.

आणि साक्षीदाराचे इमान म्हणजे काय, हे कळते ते कादंबरीच्या उत्तरार्धात. एम्सच्या जिवलग मित्राचा बहकलेला मुलगा जॅक गावी परत येतो तेव्हा या सत्त्वशील पाळकाच्या मनात त्याच्याविषयी मत्सर आणि अविश्वास उसळतो, आणि पत्रात तो ते लपवीत नाही. जॅकची पत्नी कृष्णवर्णीय आहे. गुलामगिरीच्या विरोधकांनी वसविलेल्या या गावात तिला आणि तिच्या मुलाला आणून ठेवण्याची सोय उरलेली नाही, हे त्या ख्रिस्ती गावाचे पाप लेखिका झाकून ठेवीत नाही. पुढच्या 'होम' (२००८) या कादंबरीत हेच दिवस जॅकच्या घरातून पुन्हा दिसतात, आणि मुलावर जीव ओवाळून टाकणारा त्याचा धर्मोपदेशक बाप कृष्णवर्णीयांच्या दुःखाविषयी किती बधिर आहे हे ध्यानात येऊन वाचक हळहळतो. 'लायला' (२०१४) ही या मालिकेतील तितकीच समर्थ कृती. 'जॅक' (२०२०) मात्र लांबत जाणाऱ्या संवादांमुळे मला काहीशी सैल वाटली.

नॉर्वेच्या यून फोसे यांची 'सेप्टॉलॉजी' ही सात भागांची कादंबरी हाती घेताना वाचकाने धीर धरला पाहिजे, कारण तिच्यात पूर्णविराम नाही. आस्ले नावाचा विधुर चित्रकार, एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषांचे त्याचे चित्र, बर्फात कोसळलेला त्याच्याच नावाचा एक मद्यपी चित्रकार आणि नाताळच्या आधीचे ते गारठलेले दिवस : एवढ्या सामग्रीवर शेकडो पृष्ठे उभी आहेत. प्रत्येक भाग त्या चित्राकडे पाहण्यापासून सुरू होतो आणि जपमाळेवरील प्रार्थनेत विलीन होतो. प्रथम कंटाळवाणी वाटणारी ही पुनरावृत्ती हळूहळू श्वासाच्या लयीशी जुळते, आणि जप म्हणजे काय हे बाहेरून कोणी न समजावता आतून उमगते. वारकऱ्यांच्या नामस्मरणाच्या सान्निध्यात वाढलेल्या मराठी वाचकाला हा ग्रंथ, मला वाटते, इंग्रज वाचकापेक्षा लवकर आपलासा होईल. २०२३ साली फोसे यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

फ्रान्सिस स्पफर्ड या इंग्रज लेखकाने श्रद्धेचे समर्थन करणारा 'अनअपॉलोजेटिक' हा ग्रंथ २०१२ मध्ये लिहिला खरा. परंतु त्याची श्रद्धा मला अधिक पटते ती 'लाइट पर्पेच्युअल' (२०२१) या कादंबरीत. १९४४ मध्ये लंडनवर पडलेल्या एका बाँबने ठार केलेल्या पाच बालकांना लेखक न लाभलेले आयुष्य बहाल करतो. ती थोर निघत नाहीत, चुकतात, तुरुंगात जातात, म्हातारी होतात, आणि तरीही त्या सामान्य आयुष्यांवर पुनरुत्थानाचा प्रकाश पडलेला आपल्याला दिसतो. त्याचीच 'कहोकिया जॅझ' (२०२३) ही रहस्यकथा आहे, आणि ती रंजनासाठी वाचली तरी चालेल.

काव्य व चिंतन या प्रांतांत ख्रिश्चन वायमन या कवीचे 'माय ब्राइट अबिस' (२०१३) हे गद्य पुस्तक मी सर्वांत वर ठेवीन. रक्ताच्या दुर्धर कर्करोगाशी झगडताना लिहिलेल्या या तुटक टिपणांत संशय हा श्रद्धेचा वैरी म्हणून येत नाही, सोबती म्हणून येतो; आजाऱ्याला भेटावयास जाताना घाईघाईने सांत्वनाची वचने काढणाऱ्या आम्हा सर्वांनी ते वाचावे. माल्कम गाइट यांची उपासनावर्षाच्या क्रमाने रचलेली सत्तर सुनीते (२०१२) साधी व सुघड आहेत. आगमनकाळात रोज एक वाचावे अशी.

टॉम हॉलंड यांचा 'डोमिनियन' (२०१९) हा इतिहासग्रंथ क्रूस ही प्राचीन जगात किती अमंगळ व लाजिरवाणी शिक्षा होती तेथून आरंभ करतो, आणि दुर्बलाविषयीची आजची पाश्चात्त्य कणव, मानवी हक्कांची भाषासुद्धा, त्या क्रूसातून कशी उगवली ते दाखवितो. ग्रंथ विलक्षण वाचनीय आहे. मात्र उत्तरार्धात प्रत्येक उदात्त गोष्टीचे श्रेय एकाच खात्यावर जमा होऊ लागते, तेव्हा साक्षीदार उठून वकील बोलू लागला असे वाटते.

हे सारे वाचत असता 'स्मृतिचित्रे' वारंवार डोळ्यांपुढे येतात. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मकथनात लक्ष्मीबाई टिळकांनी १८९५ च्या पतीच्या धर्मांतराने झालेला कल्लोळ, स्वतःचे सोवळे-ओवळे, रुसवे, भांडणे आणि मग पालटलेले मन सांगितले आहे. ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ कसा याचा वाद त्यांनी घातलेला नाही. म्हणजे साक्षीची ही रीत आम्हाला परकी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने शास्त्राचा मजकूर आजच्या मराठीत आणून मोठे काम केले, आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा ख्रिस्ती लेखकाला मराठी साहित्याच्या मुख्य ओसरीवर बसविले गेले. तरीही आमच्या समाजाचे आजचे लेखन पुष्कळसे प्रवचनांत, गौरवग्रंथांत आणि 'आम्ही महाराष्ट्राला काय दिले' याची सनद सादर करण्यात खर्ची पडते. अल्पसंख्य समाजाची ती गरज मी समजू शकतो. पण वसईच्या वाडीतले, अहिल्यानगरच्या खेड्यातल्या मंडळीचे, धर्मांतरित दलित कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे जगणे सांगणारी कादंबरी या सनदेपेक्षा दूरवर पोचेल.

म्हणून माझी विनंती दोन जणांना आहे. ज्या तरुण ख्रिस्ती लेखकाच्या टेबलावर अर्धेमुर्धे प्रवचन पडले आहे त्याने ते बाजूस सारून आपल्या आजीची हकीकत, तिच्या हट्टांसकट, लिहावयास घ्यावी. आणि वाचकाने 'गिलियड' व 'होम' या दोन कादंबऱ्या लागोपाठ, याच क्रमाने वाचाव्यात.