लांकडी घरांचें जतन : एका जपानी खेड्यावरून

जुनी इमारत कशी राखावी, या प्रश्नाचें उत्तर इंग्रजी शिक्षण घेतलेले आपण बहुधा रस्किनपासून शिकलों. 'स्थापत्याचे सात दीप' हा त्याचा ग्रंथ १८४९ सालीं प्रसिद्ध झाला. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या इमारतीस नवें रूप देणें म्हणजे तिचा नाश करणें होय, हें मत त्यानें तेथें मोठ्या आवेशानें मांडिलें. पुढें १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढिली, तीहि याच मताच्या पायावर. मत थोर खरें. परंतु तें दगड डोळ्यांपुढें ठेवून बनलेलें आहे. लांकडाला व गवताला तें जसेंच्या तसें लावतां येईल काय? हें पारखण्यास जपानांतील शिराकावा खोऱ्यांतल्या ओगिमाची या खेड्याचें उदाहरण फार उपयोगी आहे.

गिफू प्रांतांतील या डोंगराळ मुलुखांत बर्फ अतोनात पडतें. म्हणून तेथील घरांचीं छपरें सुमारें साठ अंशांच्या उताराचीं, नमस्कारासाठीं जोडलेल्या हातांसारखीं असतात. या रचनेचें 'गाश्शो' हें जपानी नांव त्यावरूनच पडलें. छपराखालच्या माळ्यांवर पूर्वीं रेशमाचे किडे पोसले जात. खालचा मजला सुतारांनीं उभारावा आणि वरचें छप्पर गांवकऱ्यांनीं स्वतः बांधावें, अशी तेथील वहिवाट. या छपराच्या सांगाड्यांत खिळा नाहीं; वासे दोरखंडांनीं व ओल्या लवचिक फांद्यांनीं आवळलेले असतात, आणि फांदी वाळते तशी गांठ अधिकच घट्ट होते. १९३५ सालीं ब्रूनो टाउट या जर्मन स्थापत्यकारानें हीं घरें पाहून त्यांतील तर्कशुद्धतेची वाखाणणी केली, ती यथार्थ होय.

छपराचें गवत तीस-चाळीस वर्षांनीं बदलावेंच लागतें. ही शाकारणी 'युई' नांवाच्या परस्पर-साहाय्यानें होत आली. आपल्या शेतकऱ्यांची सावड ती हीच. शंभर-दोनशें माणसें एका घरासाठीं जमतात. आज याच्या छपरावर सारे, उद्यां त्याच्या. रस्किनच्या न्यायानें पाहिलें तर आजच्या छपरांतील एकहि काडी अस्सल ठरणार नाहीं. परंतु आजोबांची गांठ नातवास मारतां येत असेल, तर छप्पर जुनेंच आहे. आणि गांठ विसरली गेली, तर जुनें लांकूड नुसतें वृद्ध झालें. १९९४ सालीं नारा येथें भरलेल्या परिषदेनें अस्सलपणाची पारख त्या त्या संस्कृतीच्या दृष्टीनें करावी असें मान्य केलें, तें उचितच झालें.

याच प्रदेशांतील मिबोरो धरण १९६१ सालीं पुरें झालें आणि त्याखालीं कांहीं वस्त्या बुडाल्या. तत्पूर्वीं एक मोठें घर योकोहामा येथील सांकेइएन उद्यानांत हलविण्यांत आलें. तें उत्तम स्थितींत आहे. तेथील चुलींत विस्तवहि घालतात, कारण धुरानें गवत व लांकूड टिकतें. मात्र तो विस्तव घराच्या उपयोगाचा. त्यावर कोणाचें जेवण शिजत नाहीं. ओगिमाचीच्या रहिवाशांनीं १९७१ सालीं संघ स्थापून निराळा मार्ग धरिला : घर विकूं नये, भाड्यानें देऊं नये, मोडूं नये. १९७६ सालीं सरकारनें गांवास संरक्षण दिलें, व १९९५ सालीं युनेस्कोनें त्याची गणना जागतिक वारशांत केली.

टीकेस जागा आहे ती येथें. कीर्तीमागून प्रवाशांची रीघ लागली. पुष्कळ कुटुंबें खाणावळी व दुकानें चालवूं लागलीं. बरींच छपरें आतां मजुरीनें शाकारलीं जातात. त्याबद्दल गांवकऱ्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. शहरांत नोकरीस गेलेला मुलगा सावडीला कसा येणार? परंतु पाहुण्यांस छप्पर दिसतें, तें उभें ठेवणारें शेजाऱ्यांचें परस्परांवरील ऋण दिसत नाहीं. स्वतःच्या घराचा व्यवहार करण्याचा हक्क ज्यांनीं आपण होऊन सोडला, त्यांच्या त्यागावर जगाचा हा आनंद उभा आहे. हें ऋण आटलें, तर नियम राहतील आणि गांवाचें संग्रहालय होईल.

म्हणून लांकडी गांवाच्या जतनाचा हिशेब करतांना उरलेलीं घरें मोजावीं, तशींच छपराची गांठ येणारीं तरुण माणसेंहि मोजावीं, असें आम्हांस वाटतें. मोडलेल्या वाड्यांचे कोरीव खांब विकत घेऊन दिवाणखान्यांत उभे करणाऱ्या आपल्याकडील रसिकांनींहि याचा विचार करावा. खांब वांचला, हें चांगलें झालें. तसा दुसरा खांब घडविणाऱ्या सुताराच्या हातांत आज काम आहे काय?