गागाकु आणि आपला नगारखाना

दरबारी संगीत म्हटलं की आपल्याला तानसेन आठवतो. पण दरबाराचा दिवस ज्या संगीतावर चालायचा, ते नगारखान्यातलं. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नक्कारखान्यातली वाद्यं आणि वादनाचा क्रम नोंदवून ठेवला आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर नगारखाना आहे, आणि जेजुरी-तुळजापूरला देवाचाही मान राजासारखा सनई-चौघड्यानेच राखला गेला.

जपानच्या दरबारी संगीताकडे, म्हणजे गागाकुकडे, मी या वाटेनं आलो. हिवरे बाजारात बसून, ध्वनिमुद्रणांच्या आधारे. त्यातलं हिचिरिकी हे वाद्य जेमतेम १८ सेंटिमीटरचं. पण सनईसारखीच दुहेरी पत्ती असल्यानं त्याचा टोकदार सूर परका वाटत नाही. परका वाटतो तो ‘शो’. १७ नळ्यांचं हे तोंडानं फुंकायचं वाद्य वाजवण्यापूर्वी निखाऱ्यावर शेकतात. आधी ‘नेतोरी’ हा छोटा सूर लावण्याचा भाग, मग एकेक वाद्य येतं आणि संथ लय हळूहळू वाढते. समेची वाट पाहणाऱ्या आपल्या कानाला दाद द्यायला जागाच मिळत नाही. हे श्रोत्याला रिझवणारं संगीत नाही. ते विधी पार पाडतं. चौघड्याचंही तेच. त्याला ‘वाहवा’ कोण म्हणतं?

दोन्हींत भारताचा धागा आहे. बोधिसेन हा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोहोचला आणि ७५२ साली तोदाई-जीच्या महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी त्याच्या हातून झाला. गागाकुतली काही नृत्यं त्याने आणि चंपा देशाच्या एका भिक्षूने आणली, असं परंपरा मानते. ‘गार्योबिन’ या नृत्याच्या नावात संस्कृत ‘कलविंक’ पक्षी आहे. मात्र ‘हे सारं आपलंच’ म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. त्यांनी ते सांभाळलं, हा खरा मुद्दा.

सांभाळलं कसं? १८७० साली मेइजी सरकारने क्योतो, नारा आणि ओसाकाच्या वंशपरंपरागत वादक घराण्यांना राजसेवेच्या एका कचेरीत आणलं. २००९ साली युनेस्कोच्या यादीत नाव आलं, ते त्यानंतरच्या जवळजवळ एकशे चाळीस वर्षांच्या पगारी सेवेवर उभं आहे. आपला सनईवाला मात्र दारावरच राहिला. त्याचा सूर मंगल, पण त्याला पंगतीत मान नाही. संस्थानं गेली, आश्रय आटला. आज कित्येक देवळांत आरतीला विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र बडवतं.

गागाकुची बाजूही निर्दोष नाही. तांग काळात या चाली आजच्यापेक्षा पुष्कळ जलद होत्या, असं लॉरेन्स पिकेन आणि त्यांच्या केंब्रिजच्या सहकाऱ्यांनी जुन्या स्वरलिपींवरून मांडलं. म्हणजे जपलेलंही बदललेलंच असतं. शिवाय ‘एतेनराकु’ ही दरबारी रचना तिथल्या लग्नांत अनेकदा ध्वनिमुद्रित वाजते, जशी आपल्या मांडवात सनई.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: सूर साठवून परंपरा टिकत नाही. टिकवावा लागतो तो प्रसंग आणि तो वाजवणारा माणूस. हिवरे बाजारनं पाणी राखलं ते दरवर्षी ताळेबंद मांडून, उसासारख्या तहानलेल्या पिकाला नाही म्हणून. सनई-चौघड्याचाही असाच ताळेबंद देवस्थानांनी मांडावा. त्यातला पहिला आकडा वादकाच्या पगाराचा असावा, यंत्राच्या किमतीचा नव्हे.